दहाव्याचं पाणी

ते रिकामं तळं अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पाणी असतं तेव्हा तळं किती खोल आहे हे कळत नाही. त्या सकाळी ते कळलं.

मी होमगार्डमध्ये होते. आर्णी आणि महागावच्या मधल्या एका ठाण्यात माझी बहुतेक वर्षं गेली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण होमगार्डला तेव्हा तेवढं पुरत होतं. आमच्या ठाण्याला महिला पोलीस नव्हती. बाईची झडती, बाईचा जबाब, कुणा सुनेला दवाखान्यात न्यायचं, असं काही निघालं की ठाणेदार साहेब मला बोलावून घेत. साहेब प्रश्न विचारायचे आणि मी बाईजवळ बसायची, एवढंच माझं काम. मी फारसं बोलत नसे. त्यामुळे ऐकू मात्र पुष्कळ यायचं.

या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी लिहिणार नाही. काही माणसं गेली, काही अजून आहेत.

ती कापसाची वाईट वर्षं होती. ठाण्यात मर्गाची नोंद, म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, हे रोजचं काम झालं होतं. गावात कोणी तरुण माणूस गेला की लोक आवाज खाली करून आधी विचारायचे, कसा गेला. कापसावरून लोकांचं मन उडालं होतं. कोणी सोयाबीनकडे वळलं, कोणी शेळ्या घेतल्या. यवतमाळात राहणाऱ्या एका गृहस्थांनी वडिलांच्या कापसाच्या रानात माशांचं तळं केलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या कचेरीची नोकरी. शेताला ते रविवारी येत, डोक्याला रुमाल बांधून बांधावर फिरत आणि संध्याकाळी परत जात. लोक सुरुवातीला हसले. पहिल्या वर्षी मासळीचा टेम्पो भरून गेला तेव्हा हसणं बंद झालं.

तळं कसं होतं ते सांगणं जरूर आहे, कारण सगळं प्रकरण त्यातच आहे. रानाच्या कडेनं एक नाला जात होता. त्याला मातीचा बांध घालून पाणी अडवलं होतं. जास्तीचं पाणी जायला एका बाजूला सांडवा होता. बांधाच्या तळातून एक सिमेंटचा पाइप बाहेर काढला होता, त्याला तिथले लोक मोरी म्हणत. मोरीच्या तळ्याकडच्या तोंडात लाकडाचा मोठा डट्ट्या, म्हणजे बूच, ठोकलेला. डट्ट्याला गोणपाट गुंडाळून वर चिखल थापायचा, म्हणजे पाणी गळत नाही. डट्ट्याला लांब वासा जोडला होता. पायऱ्यांवर उभं राहून वासा फिरवला की डट्ट्या ढिला व्हायचा.

पावसाळ्यात सांडव्यावर रेतीची पोती रचून पाणी वर चढवायचं. हिवाळ्यात डट्ट्या किंचित ढिला करून तळाचं जुनं पाणी सोडायचं. उन्हाळ्यात मात्र थेंब सोडायचा नाही. मोरीजवळच्या दगडी खांबावर मालकांनी चुन्याची रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेखाली गेलं की ऊन तळापर्यंत पोचतं आणि मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. रेघ सांभाळणं हे राखणदाराचं काम होतं. राखणदार भोई समाजातला, नाल्याच्या खालच्या अंगाला असलेल्या गावातला. तो आणि त्याची बायको बांधावरच्या झोपडीत राहत.

तळं होण्याआधी तो नाला होळीनंतरही वाहत असे. तळं झाल्यापासून संक्रांतीलाच कोरडा पडू लागला.

तर त्या रविवारी सकाळी मालक स्वतः ठाण्यात आले. चेहरा उतरलेला, धोतराच्या काठाला चिखल. त्यांनी फिर्याद दिली की कोणीतरी डट्ट्या काढून तळं सोडून दिलं, सगळी मासळी मेली. ठाणेदार साहेबांनी गुन्हा नोंदवून घेतला आणि जमादारांना, दोन शिपायांना व मला घेऊन ते निघाले. मला कशाला घेतलं ते तेव्हा कळलं नाही. राखणदाराची बायको तिथे असेल म्हणून घेतलं असावं.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन तापलं होतं. चिखलात मासे आडवे पडले होते, लहान, मोठे, एकावर एक. काहींची कल्ली अजून हलत होती. बगळे आणि घारी इतक्या जमल्या होत्या की शिपाई दगड मारून दमले तरी हटेनात. मोरीचं तोंड गाळानं बुजलं होतं. डट्ट्या वाशासकट चिखलात रुतून पडला होता, त्यावर गोणपाट नव्हतं. जमादारांनी पंच बोलावून पंचनामा केला. मालक सगळा वेळ खांबावरच्या रेघेकडे बघत उभे होते. रेघ आता त्यांच्या डोक्याच्याही वर होती.

मालकांचा पहिला संशय वरच्या अंगाच्या शेजाऱ्यावर. पावसाळ्यात तळ्याचं पाणी चढवलं की शेजाऱ्याची पऱ्हाटी, म्हणजे उभा कापूस, चिबडायची, मुळं सडायची. दोघांची त्यावरून बोलाचाली झालेली, आणि चार लोकांदेखत शेजारी म्हणाला होता की एक दिवस तुझं तळं फोडून टाकतो. साहेबांनी त्याला आणलं. तो चिडून म्हणाला, "पावसाळ्यात फोडीन म्हनलं होतं. उन्हाळ्यात फोडून माह्या पऱ्हाटीचा काय फायदा? आता तं रानात पऱ्हाटीच नाई." त्याचं म्हणणं खरं होतं. जबाब घेऊन त्याला सोडलं.

दुसऱ्या दिवशी जमादारांना खबर मिळाली. खबर देणारा बसस्टँडवरचा पानठेलेवाला. त्याचं म्हणणं, चार दिवसांमागे मासळीचा टेम्पो तळ्यावर गेला होता आणि राखणदार टेम्पोवाल्याशी उभा राहून बोलत होता. जमादारांना गोष्ट लगेच पटली. पाणी सोडलं की जाळ्याशिवाय मासे हातानं वेचता येतात. राखणदारानं व्यापाऱ्याशी संगनमत करून मासळी चोरायचा बेत केला, पाणी वाजवीपेक्षा जास्त गेलं आणि बेत फसला. जमादारांनी राखणदाराला उचलून आणलं.

जमादार जुने माणूस. हात चालायचा त्यांचा, पण तोंड त्याहून जास्त चालायचं.

"कोनाले विकून राह्यलता मच्छी?"

"विकाची असती तं मरू कायले देली असती साहेब?" राखणदार म्हणाला.

 जमादारांनी त्याला भिंतीशी उभं केलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. टेम्पोवाला मालकांनीच भाव ठरवायला पाठवला होता, हे पुढे मालकांनी स्वतः कबूल केलं, तरी जमादारांनी राखणदाराला सोडलं नाही. दुपारपर्यंत राखणदार एकच सांगत होता की मला माहीत नाही. मग जमादार सहज बोलून गेले की आता गावातली एकेक बाई-माणूस आणून विचारतो. ते ऐकलं आणि राखणदाराची बोली फिरली. तो म्हणाला, "कोनाले आनू नका. म्याच केलं. दारू पेलो होतो. वासा हालवला आन् झोपलो."

जमादारांनी जवळ जाऊन त्याचं तोंड हुंगलं. "याच्या तोंडाले तं चहाचाबी वास नाई," ते म्हणाले. पण कबुली ती कबुली. त्यांनी ती लिहून घेतली आणि राखणदाराला लॉकअपमध्ये घातलं. ठाण्यात असं होतं. माणूस हो म्हणाला की सगळ्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

साहेबांच्या मनात मात्र काहीतरी खटकत होतं. ते वयानं जमादारांहून लहान होते, पण घाई करत नसत. त्यांनी त्या दिवशी पुढचे कागद केले नाहीत.

संध्याकाळच्या आधी राखणदाराची बायको डबा घेऊन आली. पुरुषांशी बोलेना. ठाण्याबाहेरच्या लिंबाखाली बसून राहिली. साहेबांनी मला तिच्याजवळ बसायला सांगितलं. मी बसले.  मग तीच म्हणाली, "बाई, त्यायनं काय सांगतलं?"

मी सांगितलं की दारू पिऊन डट्ट्या काढला म्हणतो.

ती हसली. दुःखात माणूस हसतो तसं ते हसणं होतं. "त्याले दारूचा वास सोसत नाई. आमच्या लग्नात माह्या काकानं पाजली, तं नवरदेव मांडवामागं वकत होता. सारं गाव अजून हासते." मग तिनं सांगितलं की त्या दिवशी ते दोघं तळ्यावर नव्हतेच. मुलीच्या सोयरिकीसाठी महागावकडे गेले होते, मुक्कामही तिथेच झाला. सकाळी परतले तेव्हा तळं रिकामं. झोपडीला कुलूप तसंच होतं.

मी हे साहेबांना सांगितलं. साहेबांनी एक शिपाई सोयरिकीच्या घरी पाठवला. त्या लोकांनी सांगितलं, होय, दोघं इथेच होते, जेवले, झोपले. म्हणजे राखणदार खोटं बोलत होता. आता प्रश्न वेगळाच झाला. गुन्हा केला नाही तर हा माणूस स्वतःच्या अंगावर का घेतो?

साहेब लॉकअपच्या गजांशी जाऊन उभे राहिले आणि विचारलं, कोणाला वाचवतो आहेस. राखणदारानं मान खाली घातली. साहेब थांबले, वाट पाहिली आणि परत येऊन खुर्चीवर बसले. त्यांनी त्याला हात लावू दिला नाही.

पुढचा दुवा मालकांनीच आणून दिला. बुजलेली मोरी मोकळी करायला त्यांनी माणसं लावली होती. पाइपात बाहेरच्या बाजूनं आकडी घालून गाळ ओढताना आत अडकलेलं कापड निघालं. मालक ते पिशवीत घालून ठाण्यात घेऊन आले. राखणदाराचं धोतर असेल, पुरावा म्हणून ठेवा, म्हणाले.

साहेबांनी ते टेबलावर उलगडलं. धोतर नव्हतं. पांढरं लुगडं होतं, बारीक काठाचं. चिखलानं माखलेलं, पण घड्यांच्या रेघा अजून दिसत होत्या आणि आतल्या पदरात खळ तशीच कडक होती. न नेसलेलं, न धुतलेलं नवं लुगडं.

 आमच्याकडे पांढरं नवं लुगडं कधी आणतात हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. नवरा गेलेल्या बाईला तिच्या माहेरचे दहाव्याला दुखवट्याचं लुगडं आणतात.

साहेब एवढंच म्हणाले, "ज्याला तळं फोडायचं होतं, तो भोक बुजवायला नवं कापड कशाला घालेल?"

जमादारांनी नाल्याखालच्या गावच्या पोलीस पाटलाला बोलावलं. अलीकडे गावात कोण वारलं, विचारलं. पाटलाचा चेहराच सांगत होता. गावाला सगळं माहीत होतं, म्हणून तर गाव गप्प होतं. एक तरुण मजूर जिनिंगवर कापसाच्या गाठी ट्रकवर चढवताना गाठ अंगावर पडून गेला होता. त्याची मर्गाची नोंद आमच्याच ठाण्यात होती. तळं सुटलं तो त्याच्या दहाव्याचा दिवस.

बाईचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. साहेब, जमादार आणि मी त्या गावी गेलो. लुगड्याची ओळख पटवायची म्हणून मालकांनाही बरोबर घेतलं. घर मातीचं, दोन खणांचं. साहेब आणि मालक अंगणात बाजेवर बसले. मी आत गेले, दार उघडंच ठेवलं, म्हणजे साहेबांना ऐकू येईल.

आत मेलेल्या माणसाची म्हातारी आई पडून होती. कोपऱ्यात सून बसली होती. तरुण होती, कपाळ मोकळं, मनगटं मोकळी. मी लुगडं जमिनीवर ठेवलं. तिनं ते पाहिलं आणि तोंड वळवलं.

म्हातारी उठून बसली. म्हणाली, "म्या केलं. म्या एकटीनं केलं. पोरीले काई विचारू नको माय."

सून हळूच म्हणाली, "आत्या, तुमाले पान्याची घागर उचलत नाई. तो वासा कसा उचलला असन तुमी?"

मग तिनं सगळं सांगितलं. सावकाश, न रडता. मध्ये म्हातारीचं कण्हणं चाललं होतं.

त्या गावात दहाव्याचे पिंड नाल्याच्या वाहत्या पाण्यात सोडायचे, अशी पद्धत. वाहत्या पाण्याशिवाय गेलेला माणूस वाटेतच राहतो, असं तिथली माणसं मानतात. नाला कोरडा. नदीवर जायचं तर ट्रॅक्टर हवा. आदल्या दिवशी म्हातारी काठी टेकत तळ्यावर गेली आणि राखणदाराला म्हणाली, उद्या घडीभर डट्ट्या ढिला कर, माझ्या पोराचे पिंड वाहू दे. राखणदारानं मालकांचा हुकूम सांगितला आणि नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी खाली नाल्यात जमली. पिंड मांडले. न्हावी होता, महाराज होते. चुलत दिरानं डोकं भादरून घेतलं. पाणी नव्हतं. म्हातारी उठून तळ्याच्या वाटेला लागली. सून तिच्या मागं गेली, कारण ती एकटी पडली असती. तळ्यावर कोणी नव्हतं, झोपडीला कुलूप. राखणदार डट्ट्या कसा ढिला करतो, हे नाल्यावर धुणं धुणाऱ्या सगळ्या बायकांनी पूर्वी पाहिलेलं. सून पाण्यात उतरली आणि वासा थोडा फिरवला. मोरीतून बोटाएवढी धार पडली.

थोडंसंच सोडायचं होतं. घडीभरच.

पण नाला महिन्यांपासून कोरडा होता. वाळू तापलेली. जे पाणी सुटलं ते वाळूनं जागेवरच पिऊन टाकलं. खालून दीर धावत आला, म्हणाला, पाणी आलं नाही, अजून सोडा. तिनं अजून फिरवला. तरीही पाणी वळणापर्यंत पोचेना. पुन्हा निरोप आला. ती मानेपर्यंत पाण्यात जाऊन दोन्ही हातांनी वासा ओढू लागली आणि डट्ट्या पुरताच निघाला.

"मंग गोनपाट गेलं," ती म्हणाली. "पान्यानं ओढून नेलं. डट्ट्या परत लावाले गेली तं बसेना. नुसता खडखडे. माहा हातबी ओढून राह्यलं होतं पानी. आत्या वरून वरडून राह्यल्या होत्या, निघ बाहीर, निघ. भावानं नाल्यात हाती देलेलं लुगडं काठावर ठेवलं होतं, तेच कोंबलं. तेबी गेलं आत."

साहेबांनी अंगणातून विचारलं, मग पाणी खाली पोचलं का.

तिनं मान हलवली. "नाई पोचलं. वळनाच्या अलीकडंच सारं मुरलं. हापशीच्या बादलीत पिंड सोडले शेवटी."

 अंगणात एक कोंबडी वाळत घातलेले दाणे टिपत होती, तिला कोणी हाकललं नाही. मग मालक बाजेवरून उठून दाराशी आले. तेही माणूस वाईट नव्हते. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बाई, मला मागायचं होतं. मी पाणी दिलं असतं. एका निरोपावर दिलं असतं."

सुनेनं पहिल्यांदाच वर पाहिलं. "मांगतलं होतं," ती म्हणाली. "राखनदारानं नाई म्हनलं. त्याले नाई म्हनाले तुमीच सांगतलं होतं."

 मालक मागे फिरून जीपमध्ये जाऊन बसले. फिर्याद मात्र त्यांनी मागे घेतली नाही. साहेबांनी वाटेत दोनदा विचारलं. ते म्हणाले, नोंद झाली आहे, आता कायद्याला काय करायचं ते करू द्या. पुढे असंही म्हणाले की आज सोडलं तर उद्या गावात जो मरेल त्याच्यासाठी कोणीतरी मोरी उघडेल. त्यांच्या जागी त्यांचं बरोबर असेल. त्यांचीही वर्षाची मेहनत चिखलात गेली होती.

साहेबांनी त्या बाईला ठाण्यात आणलं नाही. कोर्टात जामीन होईल अशी व्यवस्था केली. लुगडं मुद्देमाल म्हणून कागदात बांधून, लाखेचं सील लावून कपाटात ठेवलं गेलं.

राखणदाराला त्याच दिवशी सोडलं. त्याला सांगितलं की बाईनं जबाब दिला आहे. तो लॉकअपमधून बाहेर आला, चपला शोधू लागला, सापडल्या तरी घातल्या नाहीत. साहेबांनी विचारलं, तू अंगावर का घेतलंस.

तो चपला हातात धरून उभा होता. म्हणाला, "सकाळी तळं पाह्यलं तवाच समजलो मी. ते म्हातारी आदल्या दिवशी आलती. पानी मांगे. म्या तिले खांबाजोळ नेलं आन् रेघ दाखवली. हे पाहाय माय, इथंवर ठेवाचं सांगतलं हाये. साहेब, ज्या मायचं पोरगं मेलं, तिले म्या चुन्याची रेघ दाखवली."

जमादार खिडकीपाशी उभे होते.  त्यांनी शिपायाला सांगून राखणदारासाठी चहा मागवला. त्याच्यावर उचललेल्या हाताबद्दल ते कधी काही बोलले नाहीत, आणि त्या चहापलीकडे ते काही करतील अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

मालकांनी राखणदाराला कामावरून काढलं. झोपडी रिकामी करायला लावली. त्याच्या मुलीची सोयरिक मोडली, कारण बाप ठाण्यात बसून आला होता. कोणत्या कारणानं बसला, हे विचारायला कोणी थांबलं नाही. तो बायको आणि मुलीला घेऊन वणीकडे राजूरला गेला. तिथे कोळशाच्या गाड्या भरायचं काम मिळालं, असं ऐकलं.

खटला पुष्कळ दिवस चालला. त्या बाईला तारखेला आणायचं आणि पोचवायचं काम बहुतेक माझ्याकडेच यायचं. आम्ही एसटीनं जायचो. ती खिडकीशी बसायची. तारीख पडली की म्हणायची, "आज नाई ना झालं बाई?" मी म्हणायची, नाही. तेवढंच बोलणं. म्हातारी मधल्या काळातच गेली. तिच्या दहाव्याला पाण्याचं काय केलं, ते मी विचारलं नाही.

राखणदार सरकारी साक्षीदार होता. त्याला राजूरहून समन्स पाठवून बोलावलं. वाळला होता, हातांच्या रेघांत काळं बसलेलं. सरकारी वकिलांनी त्याला विचारलं की म्हातारीनं तुझ्याकडे पाणी मागितलं होतं का, तू नाही म्हटलं होतंस का. तो शपथेवर म्हणाला की कोणी काही मागितलं नव्हतं. गोणपाट सडलं होतं, ते बदलायचं माझ्याच्यानं राहून गेलं, डट्ट्या आपसूक निघाला असेल. लुगड्याचं विचारलं तर म्हणाला की नाल्यात लोक दहाव्याचं काहीबाही टाकतात, गेलं असेल कसंही.

वकिलांनी त्याला फितूर ठरवलं आणि भरपूर झापलं. तो हात जोडून उभा राहिला. ती बाई आरोपीच्या जागी उभी होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही, आणि डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हताच. गावातून तर कोणीच काही बोललं नाही. ती निर्दोष सुटली.

कोर्टाच्या हुकुमानं मुद्देमाल परत करायचा होता. मीच तो घेऊन गेले. सील तोडून लुगडं तिच्या हाती दिलं, अंगठा घेतला. चिखल वाळून ते पत्र्यासारखं ताठ झालं होतं. तिनं ते झटकलंही नाही, तसंच आत नेलं.

ठाण्यात मी पुढेही पुष्कळ वर्षं काढली. चोर पाहिले, मारेकरी पाहिले. खोटं बोलणाऱ्यांची तर गणतीच नाही. या प्रकरणातून मी एवढं शिकले की खोटं बोलणारा दर वेळी स्वतःलाच वाचवत असतो असं नाही. आणि गुन्हा झालेल्या जागी गेलं की काय मोडलं हे सगळेच बघतात, पण मोडल्यावर कोणी ते बुजवायला धडपडलं का, हेही बघावं. ते पाहिलं असतं तर राखणदाराला लॉकअप बघावा लागला नसता. पण ते कापड पाइपात होतं, आणि आम्हाला वर चिखल तेवढा दिसत होता.

तळं अजून आहे. पुन्हा भरलं, पुन्हा मासे सोडले. मोरीला आता लोखंडी चक्राची झडप आहे आणि चक्राला कुलूप.

होमगार्ड सुटल्यानंतर एकदा कळलं की राखणदार राजूरला छातीच्या आजारानं गेला, आणि दहावा गावी करायचा म्हणून बायको-मुलीनं अस्थी आणल्या आहेत. मी गेले. उन्हाळाच होता. नाल्यात वाळू चटके देत होती. वरच्या अंगाला तळ्याचा बांध दिसत होता, त्यावर एकदोन बगळे. लोक अंग चोरून सावलीला उभे होते.

तेवढ्यात बैलगाडी आली. गाडीत पाण्यानं भरलेला प्लॅस्टिकचा ड्रम. हिंदकळून पाणी सांडू नये म्हणून ड्रमाच्या तोंडावर एक जुनं पांढरं कापड घट्ट बांधलेलं होतं. काठ बारीक. चिखलाचे डाग धुऊनही गेले नव्हते. गाडीजवळ ती बाई चालत होती. आता केस पांढरे झाले होते.

आता त्या गावात दहावे असेच होतात. वाळूत फावड्यानं लांब चर काढतात, वरच्या टोकाला ड्रम आडवा करतात आणि पाणी चरातून धावतं तेवढ्यात पिंड सोडतात. फार चपळाई करावी लागते, नाहीतर पाणी मुरून जातं.

राखणदाराच्या मुलीचा नवरा पिंड हातात घेऊन बसला. त्या बाईनं कापड सोडलं, खांद्यावर टाकलं आणि ड्रम एकटीनंच कलता केला.

"सोडा," ती म्हणाली, "लौकर सोडा."

पाणी चरातून धावलं. पिंड चार हात गेले असतील. मग वाळू ओली झाली, आणि थोड्या वेळानं तीही कोरडी दिसू लागली.